साडूभाऊंची हिरवी गाडी

अरविंद, तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलायला लागलेत की शोकसभेत मला हार घातलेल्या फोटोकडे पुन्हा एकदा नीट बघावं लागलं. म्हटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला तर बसलो नाही ना. तुझ्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सर म्हणजे अजातशत्रू व्यक्तिमत्त्व." मी तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो. उठून सांगणार होतो, की एक शत्रू हजर आहे, मेढ्याहून आलाय आणि गेली दहा वर्षं इमानेइतबारे शत्रुत्व सांभाळतोय. पण शेजारी माझी बायको बसली होती आणि तिनं आधीच माझ्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती.

तुला नम्र म्हणाले, मितभाषी म्हणाले, विद्यार्थ्यांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करणारा म्हणाले. टायपिंगला बसलेल्या पोराचं चुकीच्या अक्षरावर चुकीचं बोट पडलं की तू लाकडी फूटपट्टी उभी धरून मारायचास, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ज्यानं सर्वांत जास्त मार खाल्ला होता तोच माइकसमोर सर्वांत जास्त रडला. तुझा थोरला भाऊ पुढच्या रांगेत प्रत्येक वाक्याला मान हलवत होता आणि मधूनच मागे वळून चहा आला का ते बघत होता. असल्या लोकांनी तुला रडायचं आणि मी गप्प बसायचं, हे तुला फार आवडलं असतं. तुझी खोडच तशी होती.

मला तुझ्याबद्दल चांगलं लिहायचं नाहीये. मला तुला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायच्या आत तू निसटलास. तू मला काय समजत होतास? साडू म्हणून विचारत नाही. साडू काय, बायकांमुळे गळ्यात पडतात. ड्रायव्हर म्हणून विचारतोय. तुझ्या लेखी मी गाडी चालवता येणारा माणूस होतो, की सासरवाडीला हसायला मिळालेला एक विषय? दिवाळीपासून हे माझ्या डोक्यात घोळत होतं. चारचौघांत आपण एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचो, कारण साडूंनी तसं म्हणायचं असतं, आणि भांडण पेटलं की 'तू'वर यायचो. आज 'तू'च लिहितोय, कारण भांडण मिटलेलं नाही.

तुझं लग्न माझ्या धाकट्या मेहुणीशी, सुलभाशी, उंब्रजला झालं. मी थोरला जावई म्हणून मांडवात मान माझा, आणि टॅक्सी माझी म्हणून राबणंही माझंच. दुसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "उत्तमराव, नव्या जोडप्याला जरा महाबळेश्वर दाखवून आणा." मेढ्यावरून निघालो, केळघरचा घाट लागला आणि दुसऱ्याच वळणाला तुझा चेहरा आरशात हिरवा पडलेला दिसला. टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक, सांगलीचे सर, खिडकीतून मान बाहेर काढून अख्ख्या घाटाला प्रसाद वाटत वर गेले. सुलभाच्या हातावरची मेंदी ओली होती म्हणावी इतकी ताजी, आणि ती तुझी पाठ चोळत होती. डोंगराकडे तुमच्यापैकी कुणी बघितलं नाही.

गाडी लागणाऱ्या गड्याला आम्ही ड्रायव्हर लोक माणसात धरत नाही. हे बरं की वाईट ते मला विचारू नकोस, स्टँडवरची पद्धत आहे. उंब्रजला परत आल्यावर मी ते सगळं चवीनं सांगितलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. तू कोपऱ्यात बसून चिवडा खात होतास, मान वर केली नाहीस. पुढं कधीही माझ्या गाडीत बसलास की मागच्या सीटवर, उजव्या दाराला टेकून, डोळे घट्ट मिटून, नाकाशी लिंबू धरून बसायचास. मी आरशातून बघायचो आणि मला मजा यायची. मला वाटायचं, हा माणूस संपला. तू संपला नव्हतास, वाट बघत होतास.

तुझी वेळ आली ती कॉम्प्युटर आल्यावर. अर्धे टाइपरायटर काढून तू दोन कॉम्प्युटर मांडलेस आणि त्या खोलीचं देवघर करून टाकलंस. चपला बाहेर, आत गालिचा, खिडक्या बंद. सुलभाच्या जुन्या साडीची झालर लावलेली झाकणं. दसऱ्याला त्या डब्यांना हळदकुंकू वाहिलंस आणि आपट्याचं पान कीबोर्डवर ठेवलंस. मी म्हटलं, "नारळ कुठं फोडणार?" तर म्हणालास, "तुमच्या डोक्यावर, साडूभाऊ." दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार आहेत, हे तू जेवताना, झोपताना, पाहुण्यांना पाणी देताना सांगत होतास. कॉम्प्युटर सगळे चालू आहेत. तूच साल लागायच्या आधी बंद पडलास. काय तुझा अभ्यास.

आणि त्या कॉम्प्युटरवर तो खेळ. मोटारींच्या शर्यतीचा. केळघरच्या दुसऱ्या वळणाला आडवा होणारा माणूस परदेशातल्या बर्फाच्या घाटात लाल, जमिनीला पोट लावून चालणारी गाडी अशी काही हाणायचा की बघणाऱ्याला भोवळ यावी. गाडी ती नव्हतीच म्हणा. चार बाणांची बटणं आणि तुझी दहा बोटं. बोटं मात्र तुझी विजेसारखी चालायची, हे शत्रू असूनही मान्य करतो. खेळाच्या शेवटी विक्रमांची पाटी यायची. तिच्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव, तुझं. स्वतःच्याच नावाला हरवून स्वतःचंच नाव लिहायचं, ह्याला तू शर्यत म्हणायचास.

पहिल्यांदा मला खुर्चीवर बसवलंस तेव्हा तुझी सुलभा, माझी बायको, दोन्ही घरची पोरं, सगळे मागे उभे केले होतेस. मी वीस वर्षं घाटात गाडी चालवलेली. पडद्यावर वळण दिसल्याबरोबर पाय उचलला, म्हणजे बोट उचललं, आणि हॉर्न दिला. खेळात हॉर्नचं बटण होतं, ते मी आधी विचारून घेतलं होतं. प्रत्येक वळणाला हॉर्न. मागून एक गाडी चिकटली, तिला बाजू दिली. चढाला समोरून कुणी येतंय का ते बघितलं. आणि लांबलचक उतार लागला तसं सवयीनं गाडी न्यूट्रलला टाकली, उताराला पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून.

तू खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसलास. हसून हसून तुझा चष्मा पडला. "काय करालाय तुम्ही?" म्हणालास. "पेट्रोल वाचवालाय व्हय? अहो, ते लाइटच्या बिलावर चालतंय."

झालं. पुढं दोन वर्षं उंब्रजला, बारशाला, मुंजीला, पूजेला, तू तेच. "आमच्या साडूभाऊंनी कॉम्प्युटरचं पेट्रोल वाचवलं." हॉर्नचा आवाज तोंडानं काढून दाखवायचास. केळघरचं सगळं व्याजासकट वसूल केलंस. आणि लोकांना तुझंच पटायचं, कारण तू सर.

तरी मी खेळत राहिलो, हे तुला कधी विचित्र वाटलं नाही का? सांगलीला आलो की चपला काढून त्या देवघरात जायचो. यादीतल्या गाड्यांत अगदी खाली एक हिरवी गाडी होती. आखूड, उंच, तोंडानं जरा बावळट. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. खालून घासणार नाही, समोरचं नीट दिसेल, चार माणसं आणि एक गादी नेता येईल अशी गाडी. तू म्हणालास, "ती मंडईतनं भाजी आणायची गाडी हाय." मी दर वेळी तीच घेतली. बर्फाच्या घाटात बोगद्यातून बाहेर पडलं की डावीकडे उताराचं वळण होतं. तिथं ती मागून सुटायची आणि देवदारावर आपटायची. दर वेळी तेच झाड.

खेळात गॅरेजही होतं. ब्रेक कमीजास्त करता यायचे, गिअर, स्प्रिंगा, टायर, सगळं. मी तुला सांगायचो की गाडी अशी वापरायची नसते, ती आधी आपल्या हाताला बसवून घ्यायची असते. माझी टॅक्सी बघ. क्लच अगदी शेवटाला धरतो, ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतो, स्टिअरिंगला दोन बोटं ढील आहे. दुसरा कुणी बसला तर ती अंगणातून बाहेर निघत नाही. माझ्या हाताखाली मात्र ती मांजरासारखी जाते, कारण तिचे दोष मला पाठ आहेत. तसंच ह्या हिरवीचं कर, म्हटलं. मला त्यातलं इंग्रजी कळत नाही, तुला कळतं.

तू फूटपट्टीवाला माणूस. तू म्हणालास, "मशीन म्हंजे मशीन. मशीननं माणसाच्या हाताला बसायचं नसतंय, माणसानं मशीनच्या हाताला बसायचं. माझ्याकडं हजार पोरं शिकली, कुणासाठी मी अक्षरं हलवली न्हाईत. बोटं पायजेत, बोटं." आणि गॅरेजचं पान बंद केलंस. ह्या एका गोष्टीवरून आपण जितके भांडलो तितके सासऱ्यांच्या शेताच्या वाटणीवरूनही भांडलो नाही.

नाही म्हणायला एक गोष्ट तुझ्या नावावर आहे, ती लिहिली नाही तर बायको मला घरात घेणार नाही. केळघरला माझी गाडी चरात गेली आणि माझा पाय मोडला, तेव्हा मेढ्याच्या दवाखान्यात पहिला पोचलास तो तू. एसटीनं, साताऱ्याला गाडी बदलून, सगळ्या रस्त्याला ओकत. दारात उभा राहिलास तेव्हा पेशंट कोण ते नर्सला कळेना. हातात पिळून चोथा झालेलं लिंबू. पहिलं वाक्य काय, तर "वळणाला हॉर्न दिला न्हवता काय?" मग बाही वर करून चार दिवस राहिलास, माझं भांडं उचललंस, माझ्या आईला फुलके करून घातलेस. मी आभार मानले नाहीत. साडूचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही आणि तुलाही ते चाललं नसतं. पण मला ते चार दिवस विसरता येत नाहीत आणि ह्याचाच मला राग येतो. नुसताच वाईट असतास तर माझं काम सोपं होतं.

मग गेली दिवाळी. भाऊबीजेला सगळे तुझ्याकडे. सासरे, मेहुणे, त्यांच्या बायका. मी हिरवी गाडी घेतली, बोगद्यातून बाहेर पडलो आणि देवदारावर आपटलो. म्हटलं, "अरविंदराव, अजून सांगतो, गाडी बसवून द्या." तू सगळ्यांकडे वळून, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणालास, "साडूभाऊ, गाडी बसवून काय व्हायचं न्हाई. डायवरच बदलाय पायजे."

सासरे हसले. पोरं हसली. माझा पोरगा हसला, अरविंद. ज्या घाटात माझा पाय मोडला त्याच घाटात मी पुन्हा सहा महिन्यांत गाडी घातली होती, आणि माझा पोरगा माझ्याकडे बघून हसला. मी उठलो, चपला घातल्या, फराळाचा डबा तसाच सोडून मेढा गाठला. त्यानंतर तुझा दोनदा फोन आला. बायकोला म्हटलं, सांग घाटात आहेत.

तिसरा फोन सुलभाच्या दिराचा. तू संध्याकाळी फळ्यावर लिहिता लिहिता बसलास आणि उठला नाहीस. आमच्यात मेलेल्या माणसाशी वैर धरत नाहीत. मी धरलं. तेरा दिवस सगळं रीतसर केलं, खांदा दिला, पंगतीत वाढलं, आणि मनात एकच वाक्य घेऊन फिरलो. डायवरच बदलाय पायजे.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर तुझे भाऊ क्लासचं काय करायचं ते बोलायला बसले. सुलभा म्हणाली, "क्लास मी चालवणार." ते म्हणाले, "तुला काय जमतंय?" ती उठून क्लासच्या खोलीत गेली. मला त्या मंडळींचं तोंड बघवेना म्हणून मीही मागून गेलो. तिनं झाकणं काढली, झटकली, कॉम्प्युटर चालू केला. तुझ्याइतक्याच सराईतपणे, हे तुझ्या भावांना कधी दिसणार देव जाणे. मग म्हणाली, "दाजी, बसा जरा. खेळा वाटलं तर. तेवढाच आवाज होईल घरात."

तेराव्याच्या दिवशी खेळायचं. पण तिनंच सांगितलं म्हणून बसलो. हिरवी गाडी काढली. पूर्वी तिच्याखाली कारखान्याची मूळ रचना तेवढी असायची. आता खाली आणखी एक ओळ होती, तू साठवून ठेवलेली. नाव इंग्रजीत, चार अक्षरांचं, साडू.

म्हटलं, मेल्यावरही सोडत नाही हा. नक्की काहीतरी करून ठेवलं असणार. दाबलं की गाडी मागे पळेल, नाहीतर आपोआप न्यूट्रलला जाऊन उभी राहील, आणि मेच्या सुटीत आम्ही सांगलीला आलो की सगळ्यांसमोर तू मला तीच देणार होतास. तरी दाबलं.

गाडी निघाली आणि पहिल्याच वळणाला मी सवयीनं बोट उचललं. ती बसली. कशी बसली ते सांगायला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. ब्रेक दाबला तर लागला नाही, पुन्हा दाबला तेव्हा लागला. स्टिअरिंग जरा उशिरा ऐकत होतं, नेमकं दोन बोटांइतकं. गिअर लांब, चढाला कुरकुरणारे. माझ्या खटाऱ्याचे सगळे दोष त्या परदेशी गाडीत तू एकेक करून घातले होतेस. मला पडद्याकडे बघायचीही गरज वाटेना. बोगदा आला, बाहेर पडलो, डावीकडचा उतार आला, बोट उचललं, आणि ती हिरवी गाडी ते झाड उजवीकडे ठेवून खाली उतरली. मी केळघर उतरतो तशी.

मी म्हटलं, "सुलभा, हे कुणी केलं?"

"ह्यांनीच," ती म्हणाली. "दिवाळीपासनं रोजचंच झालं होतं, दाजी. शेवटची बॅच गेली की बसायचे. ती लाल गाडी सोडलीच होती. ही भाजीची गाडी घेऊन प्रत्येक वळणाला हॉर्न. मी म्हटलं, आवं, डोकं उठलं माझं. तर म्हणायचे, बोलू नको, मी आत्ता साडूभाऊ हाय."

"माझी नक्कल करत होता तर."

"मला पण तसंच वाटलं. म्हटलं, पुन्हा हसवायची तयारी चाललीय. पण शेजारी लिंबू ठेवायचे, दाजी. खेळताना कुणाला लिंबू लागतंय? डोळे मिटायचे, काहीतरी आठवायचे, मग गॅरेजमध्ये जाऊन एवढंएवढं बदलायचे. एक दिवस उठून भिंतीला टेकले, तोंड पांढरंफटक. मी घाबरले. तर हसाय लागले. म्हणाले, मळमळलं बघ. आता बराबर साडूभाऊंची गाडी झाली."

दहा वर्षं तू माझ्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसलास आणि मला वाटत होतं, ह्याला बाहेरचं काही कळत नाही. तुझं पोट सगळं टिपत होतं. मी पाय कुठं उचलतो, ब्रेक कितव्या दाबाला लागतो, उताराला गाडी कधी सैल सोडतो. ड्रायव्हरला गाडी लागणाऱ्या पॅसेंजरइतकं कुणीच ओळखत नाही, हे वीस वर्षं स्टँडवर काढून मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोला माझं चालवणं माहीत नाही, पोराला नाही. तुला होतं. तू अक्षरं हलवलीस, अरविंद. हजार पोरांसाठी हलवली नाहीस ती माझ्यासाठी हलवलीस, तीही स्वतःला मळमळेपर्यंत.

आणि हे सांगायला तोंड नव्हतं? फोन दोनदा केलास तर पोस्टकार्ड टाकता आलं नसतं? मेढ्याला एसटी येत नाही? हजार पोरांना शिकवलेला माणूस, माइकवर ज्याला मितभाषी म्हणतात, तो साधं एक वाक्य पोटात ठेवून फळ्यापाशी बसतो आणि जातो. ह्याला मितभाषी म्हणत नाहीत. ह्याला माजोरी म्हणतात.

सुलभा पदराशी चाळा करत म्हणाली, "दाजी, ती मळमळ गाडीचीच असंल न्हवं? की तवापासनंच त्यांना काही होत होतं, आणि मी हसण्यावारी नेलं?"

मी डॉक्टर नाही. पण मी तिला सांगितलं, "गाडीचीच. ते तोंड मी आरशात किती वेळा बघितलंय. मला ओळखू येतंय." ती मान हलवून डोळे पुसत चहा ठेवायला गेली. खरं काय ते तुलाच ठाऊक. मी तुझ्या बाजूनं बोललो, हे मात्र लक्षात ठेव.

चहा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "मला कधी सांगणार होता?"

"मेमध्ये, तुम्ही आलात की. म्हणाले, आधी सगळ्यांपुढं एकदा हरवतो, मग गाडी देतो. नुसती दिली तर घ्यायचे न्हाईत."

बरोबर. नुसती दिली असतीस तर मी घेतली नसती. हे तुला माहीत होतं म्हणून मला जास्त चीड येते. आणि हरवून मग देणं, ह्यातला तुझा नीचपणाही मला पुरता कळतो, कारण मीही तेच केलं असतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, अरविंद, पण ते तुझ्या तोंडून घ्यायचं होतं, शिव्यांसकट. तुझ्याशिवाय सासरवाडीला मी कुणाशी भांडू? मेहुण्यांशी? त्यांना भांडण चालवायला काय लागतं ते माहीत नाही. दोन वाक्यांत पाया पडतात. तुझी आठवण मला रात्रंदिवस येते आणि मला ती नको आहे.

मग मी चहा बाजूला ठेवला आणि बर्फाचा घाट पुन्हा सुरू केला. ह्या खेपेस खेळ म्हणून नाही. हॉर्न दिले, बोट उचललं, जिथं सोडायची तिथं सोडली. शेवटची रेघ ओलांडली तसा पडदा थांबला आणि नाव विचारायला लागला. विक्रम झाला होता. तुझा सर्वांत चांगला, लाल गाडीचा विक्रम त्या भाजीच्या गाडीनं मोडला होता, आणि थोडाथोडका नाही. मला कुठलं अक्षर कुठं आहे ते माहीत नाही. सुलभा म्हणाली, "मी टाकू का? ह्यांचं टाकू?"

मी म्हटलं, "अजिबात नाही." तिनं बोट दाखवलं तिथं दाबत दाबत माझं नाव मीच लिहिलं. एकेका अक्षराला एकच बोट, आणि तेही चुकीचं. तू फूटपट्टी घेऊन धावला असतास. माझं नाव वर गेलं, तुझं एक पायरी खाली सरकलं. सुलभा म्हणाली, "दाजी, वर आलात की." आणि मग आम्ही दोघं, बाहेर तुझे भाऊ क्लासच्या किमतीवरून घसा ताणत असताना, आत तुझ्या देवघरात बसून मोठमोठ्यानं रडलो. मला लाज वाटली नाही. चपला बाहेर होत्या, कुणी आत आलं नाही.

सुलभानं क्लास चालू केलाय. काल पोराला घेऊन सांगलीला गेलो होतो. त्याला खुर्चीवर बसवलं, हिरवी गाडी काढून दिली आणि ही कुणी बसवली ते सगळं सांगितलं. त्याला ती बोगद्यापर्यंतही नेता आली नाही. तो उठला आणि म्हणाला, "दादा, ही तुमालाच येती." बाकीची सगळी पाटी तुझ्या नावानं भरलेली आहे, पण बर्फाच्या घाटात महिना झाला माझंच नाव वर आहे. रोज क्लासचं कुणीतरी पोरगं तू बसायचास त्या वेळेला त्या खुर्चीवर बसतं आणि कुणालाच मला खाली उतरवता येत नाही. तू असा कसा बघत बसलायस, अरविंद? लाज कशी वाटत नाही तुला?